कथा लिहिताय? डोळ्यांना थोडी विश्रांती द्या!

नवी कथा लिहायला घेतली की आपण बहुतेक जण डोळ्यांपासून सुरुवात करतो. नायिकेचे केस लांबसडक, साडी निळी, भिंतीवर जुनं घड्याळ, खिडकीबाहेर पाऊस. वाचकाला चित्र दिसतं, पण तो दारातच उभा राहतो. त्या खोलीत त्याला आत घ्यायचं असेल, तर नाक, कान, जीभ आणि त्वचा यांनाही कामाला लावायला हवं. आज त्याबद्दलच बोलूया.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही लिहिलंय, "आई गेली आणि सुनीताला खूप दुःख झालं. घर तिला खायला उठलं." वाक्यांत चूक काहीच नाही. पण अशी वाक्यं आपण इतक्यांदा वाचलेली असतात, की नजर त्यांच्यावरून घसरून पुढे जाते. आता हे वाचा :

तेराव्यानंतर सुनीता आईचं कपाट उघडते. साड्यांना डांबरगोळ्यांचा वास येतो, आईचा नाही. मग तिचा हात पलंगावरच्या उशीकडे जातो. अभ्र्याला अजून खोबरेल तेलाचा वास आहे, किंचित खवट झालेला. ती अभ्रा काढते, घडी घालते आणि आपल्या बॅगेत तळाशी ठेवते.

'दुःख' हा शब्द इथे कुठेच आला नाही. तरी सुनीताचं काय गेलंय ते तुम्हाला कळलं.

वासच का?

त्यामागे शास्त्र आहे. दिसणं, ऐकणं, स्पर्श यांचे संदेश आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागात जातात आणि मग पुढे पोचतात. वासाचा रस्ता त्या मानाने जवळचा आहे. भावना आणि आठवणी यांच्याशी संबंधित भागांशी तो बराच थेट जोडलेला असतो. म्हणून एखादा वास आला की आधी पोटात कालवतं आणि मग आठवतं, 'अरे, हा तर आजोळच्या माजघराचा वास!'

आणखी एक गोष्ट. नाक एखाद्या वासाला थोड्याच वेळात सरावतं. रोज त्या घरात राहणाऱ्याला घराचा वास जाणवत नाही. पाहुण्याला जाणवतो, किंवा वर्षभराने परतलेल्या मुलीला. म्हणून कथेत एखादा वास आणताना स्वतःला विचारा, हा वास या पात्राला आत्ता खरंच जाणवेल का?

संवेदना पात्राची असू द्या

आता तोच अभ्रा सुनीताच्या वहिनीच्या हातात देऊन पाहा. तीन वर्षं तिने अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलंय. तिला तो अभ्रा कळकट वाटतो. त्या वासात तिला रात्रीची जागरणं आठवतात. ती तो गरम पाण्यात भिजवते. सुनीता शोधत शोधत न्हाणीघरात येते, तेव्हा बादलीत साबणाचा फेस असतो.

वस्तू एक, वास एक, माणसं दोन. दोघींचंही बरोबर आहे. कथा इथून सुरू होते. वर्णन सजावटीसाठी केलं की वाचक ते ओलांडून जातो. पात्राला काहीतरी हवं असतं किंवा नको असतं तेव्हा तेच वर्णन गोष्ट पुढे नेतं.

आठवण वापरा, पण वाकवा

फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त यांच्या सात खंडांच्या कादंबरीचा पहिला खंड १९१३ साली आला. त्यात चहात बुडवलेल्या मॅडलिन नावाच्या छोट्या केकची चव जिभेवर येते आणि निवेदकाचं विसरलेलं बालपण गावासकट परत येतं. गंमत म्हणजे, प्रूस्त यांच्या सुरुवातीच्या खर्ड्यांत तिथे केक नव्हता, भाजलेला पाव होता! तुमच्या आठवणीत आजीची गोधडी असेल आणि कथेला घोंगडं हवं असेल, तर खुशाल बदला. आठवणीतली भावना खरी राहिली की पुरे.

डोळे आणि कान नसतानाही जग किती भरलेलं असू शकतं, हे पाहायचं असेल तर हेलन केलर यांचं १९०८ मधलं 'द वर्ल्ड आय लिव्ह इन' वाचा. १९ महिन्यांच्या असताना आजारपणात त्यांची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेलं. माणसांचे हात आणि वास यांवर त्यांनी या पुस्तकात प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली आहेत.

शब्द घरातच आहेत

'छान वास आला', 'घाण वास आला' यावर आपण फार लवकर थांबतो. मराठीत भाजलेल्या बेसनाला खमंग, जळलेल्या दुधाला करपट, न वाळलेल्या कपड्यांना कुबट आणि जुन्या खोबऱ्याला खवट असे वेगवेगळे शब्द आहेत. पाऊस रिपरिप पडतो, पत्र्यावर ताडताड वाजतो. कापड खरखरीत, भाकरी मऊसूत, शेवाळ बुळबुळीत.

इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बंगळुरूला वाढलेल्या अनेकांनी हे शब्द पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकलेले असतात. ते आई, आजी, मावशीच्या बोलण्यात असतात आणि त्यांचं बोलणं थांबलं की तेही ऐकू येईनासे होतात. म्हणून फोन करा, विचारा, लिहून ठेवा. माझ्या मोबाइलमध्ये 'वास' नावाची एक नोटच आहे. तिच्यात आज सकाळी भर पडली : 'लिफ्टमध्ये कुणाच्या तरी डब्यातली मेथी.'

एक सावधगिरी मात्र बाळगा. एकाच परिच्छेदात पाचही इंद्रियं कोंबू नका. एका प्रसंगाला एक किंवा दोन नेमके तपशील भरपूर झाले.

या आठवड्याचा सराव

आज रात्री दहा मिनिटं काढा. तुम्ही आता जिथे राहत नाही असं एक घर निवडा. डोळे मिटा आणि त्या घरातला एक आवाज, एक वास आणि एक स्पर्श लिहा. 'छान', 'सुंदर', 'मस्त' हे शब्द वापरायचे नाहीत. मग त्यातला एकच तपशील निवडून अशा पात्राला द्या, ज्याला ते घर उद्या विकायचंय. आणि दुसऱ्या अशा पात्राला द्या, ज्याला ते विकायचं नाहीये.

दोघांना एकाच खोलीत बसवा आणि लिहायला लागा. पुढच्या भागात संवादांबद्दल बोलू.