प्रवासास कोणता लॅपटॉप सोबत द्यावा?

आमच्या वडिलांच्या काळीं मुलगा शिक्षणासाठीं पुण्या-मुंबईस निघाला म्हणजे त्याच्यासोबत एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि आईनें बांधून दिलेला फराळाचा डबा एवढें सामान असे. हल्लीं त्या सामानांत लॅपटॉपची भर पडली आहे. ट्रंक घेतांना फारसा विचार करावा लागत नसे. पत्रा जाड आहे ना व कुलूप नीट लागतें ना, एवढें पाहिलें म्हणजे काम भागे. लॅपटॉपचें तसें नाहीं. दुकानांत पाऊल ठेवतांच प्रश्न उभा राहतो कीं, विंडोज घ्यावें कीं मॅक? दरवर्षीं निकाल लागले म्हणजे पालक हा प्रश्न आम्हांस विचारतात. मुलें मात्र आपलें उत्तर आधींच ठरवून बसलेलीं असतात. यास्तव याविषयीं आमचें मत येथें एकदां स्पष्टपणें मांडावें असें आम्हीं योजिलें आहे.

हा वाद आजकालचा नव्हे. ॲपल कंपनीनें आपला मॅकिंटॉश संगणक जानेवारी १९८४ मध्यें बाजारांत आणिला आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज ही प्रणाली नोव्हेंबर १९८५ मध्यें निघाली. तेव्हांपासून हे दोन पंथ चालत आले आहेत. त्यांतील मूळचा भेद समजून घेणें अगत्याचें आहे. ॲपल कंपनी यंत्र आणि तें चालविणारी प्रणाली हीं दोन्ही स्वतःच करिते. मायक्रोसॉफ्टची प्रणाली मात्र अनेक कारखानदारांच्या यंत्रांवर चालते. म्हणून मॅक म्हटला म्हणजे एकाच घरचीं मोजकीं यंत्रें. आणि विंडोज म्हटलें म्हणजे स्वस्त व महाग, हलकीं व जड, उत्तम व टाकाऊ अशीं नाना प्रकारचीं यंत्रें. पुष्कळ लोक दुकानांतील सर्वांत स्वस्त विंडोज यंत्र महागड्या मॅकशेजारीं ठेवून निवाडा देतात. ही तुलना न्यायाची नव्हे. तुलना करावयाची ती सारख्या किंमतीच्या यंत्रांचीच केली पाहिजे.

आतां केवळ प्रवासाच्या दृष्टीनें पाहूं. प्रवासी यंत्रास तीन गुण हवेत: वजन कमी, बॅटरी दीर्घकाळ टिकणारी आणि बांधणी घट्ट. जानेवारी २००८ मध्यें स्टीव्ह जॉब्स यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथील सभेंत कागदी लिफाफ्यांतून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखविला, तेव्हां हलक्या यंत्राची कल्पना लोकांच्या मनांत ठसली. पुढें नोव्हेंबर २०२० मध्यें ॲपलनें आपल्या लॅपटॉपांत स्वतःची एम-१ ही चिप बसविली. ती वीज इतकी थोडी खाते कीं, त्या मॅकबुक एअरमध्यें पंखाच ठेविलेला नाहीं. २०२२ सालापासूनचा १३ इंची एअर जेमतेम सव्वा किलो वजनाचा आहे. या बाबतींत बरींच वर्षें मॅकची सरशी होती, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु जून २०२४ पासून क्वालकॉम कंपनीच्या कमी वीज खाणाऱ्या नव्या चिपांचे विंडोज लॅपटॉपही मिळूं लागले, आणि हें अंतर पुष्कळ कमी झालें. मात्र अशा चिपेवर कांहीं जुने प्रोग्रॅम व कांहीं प्रिंटर नीट चालत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें.

बॅटरीचें महत्त्व आमच्याकडील प्रवासांत थोडेंथोडकें नाहीं. एसटीच्या गाडींत चार्जरचा भरंवसा धरतां येत नाहीं. रेल्वेंतील चार्जिंगच्या जागा रात्रीं ११ पासून पहाटे ५ पर्यंत बंद ठेवण्याचें पश्चिम रेल्वेनें मार्च २०२१ मध्यें ठरविलें. कारण रात्रभर लावून ठेविलेल्या यंत्रांमुळें आगीचें भय असतें. परदेशीं जाणाऱ्यांस विजेच्या दाबाची चिंता बहुधा पडत नाहीं. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असें छापलेलें असलें म्हणजे तो अमेरिकेंतही चालतो व इंग्लंडांतही; बदलावी लागते ती फक्त पिन.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग मॅकच घ्यावा. परंतु थांबा. प्रवास हा चार दिवसांचा. अभ्यास चार वर्षांचा.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं मुलास यंत्रविद्येच्या अभ्यासक्रमास पाठवितांना कर्ज काढून एक अतिशय देखणा, हलका लॅपटॉप घेऊन दिला. पहिलें सहामाही सत्र संपतें न संपतें तोंच कळलें कीं, वर्गांत ज्या प्रोग्रॅमवर आकृत्या काढावयाच्या तो त्यावर चालतच नाहीं. मुलगा रोज सायंकाळीं खोलींतील सोबत्याचें यंत्र मागून काम करूं लागला. घरीं त्यानें ही गोष्ट वर्षभर सांगितली नाहीं. कारण तोच लॅपटॉप हवा असा हट्ट त्याचाच होता. वडील दरमहा हप्ता भरीत राहिले. दोष यंत्राचा नव्हता. तें आपल्या जागीं उत्तमच होतें. दोष एवढाच कीं, विकत घेण्यापूर्वीं कोणीच कॉलेजांत जाऊन एक प्रश्न विचारिला नाहीं.

तो प्रश्न असा: अभ्यासक्रमांत कोणते प्रोग्रॅम लागतात? यंत्रांचे भाग रेखाटण्याचा सॉलिडवर्क्स, इमारतींचे नकाशे करण्याचा रेव्हिट, हिशेबाचा टॅली हे विंडोजसाठींच केलेले आहेत. उलट आयफोनसाठीं ॲप तयार करणाऱ्यास लागणारा एक्सकोड केवळ मॅकवरच मिळतो. पूर्वीं इंटेल चिपेच्या मॅकवर विंडोजही बसवितां येत असे; ॲपलच्या स्वतःच्या चिपांवर ती जुनी सोय राहिलेली नाहीं. लेखन, वाचन, पत्रव्यवहार व इंटरनेट एवढेंच काम असेल तर दोन्ही सारखींच. मराठी लिहिण्याची सोयही दोहोंत आहे. देवनागरी युनिकोडमध्यें १९९१ पासूनच आहे, आणि इनस्क्रिप्टचा कळफलक दोन्हींकडे मिळतो.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. तालुक्याच्या गांवीं विंडोजचें यंत्र उघडून पाहणारा कारागीर बहुधा सांपडतो. मॅकसाठीं बहुधा मोठें शहर गांठावें लागतें. मॅकबुकमध्यें मेमरी मागाहून वाढवितां येत नाहीं. पातळ विंडोज यंत्रांतही पुष्कळदां तोच प्रकार असतो. म्हणून ती घेतानाच पुरेशी घ्यावी.

तिसरा प्रश्न यंत्राच्या वयाचा. स्वस्तांत मिळतो म्हणून जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनीं सावध असावें. विंडोज १० या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि पुष्कळ जुनीं यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत.

यावरून आमचें मत असें कीं, अभियांत्रिकी, वास्तुविद्या व वाणिज्य यांकडे जाणाऱ्या मुलामुलींस सुमारें दीड किलोपर्यंतचा मध्यम किंमतीचा विंडोज लॅपटॉपच द्यावा. ज्यांचें काम लेखनाचें, चित्रफितीचें अथवा सतत फिरतीचें आहे, व ज्यांच्या घरीं ऋण न काढतां पैसा उभा राहतो, त्यांनीं मॅक खुशाल घ्यावा. त्यांचा पैसा वायां जाणार नाहीं. पण झांकणावर कोणतें चिन्ह आहे यासाठीं मात्र कोणीही कर्ज काढूं नये.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आणखी एक सांगावेंसें वाटतें. आईबापांपुढें “अभ्यासासाठीं पाहिजे” हे शब्द उच्चारण्यापूर्वीं तें खरेंच अभ्यासासाठीं आहे, कीं सोबत्यांत मिरविण्यासाठीं, हें आपल्या मनास एकदां विचारा. आईबाप यंत्र जाणत नसतील. ते तुमच्या शब्दावर विश्वास ठेवितात. त्या विश्वासाचें मोल कोणत्याही यंत्राहून अधिक आहे. आणि चूक झालीच, तर ती वर्षभर लपवूं नका. पहिल्याच आठवड्यांत घरीं सांगा.

पालकांसही आमची विनंति आहे कीं, दुकानांत जाण्यापूर्वीं मुलासह कॉलेजांत जावें, वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस भेटावें, आणि लागणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी कागदावर लिहून घ्यावी. ती यादी हातांत असली म्हणजे विंडोज कीं मॅक हा वाद बहुधा पांच मिनिटांत मिटेल, आणि मुलगा वा मुलगी ज्या दिवशीं गाडींत बसेल त्या दिवशीं त्यांच्या पिशवींतील ओझें त्यांनाही जड होणार नाहीं व तुम्हांसही.