आधी काय बिघडले?

मराठीच्या प्राध्यापकाने यंत्रांच्या भानगडीत पडू नये, असा आमच्या घरातला अलिखित नियम आहे. मिक्सर बंद पडला तर मला कोणी हाक मारत नाही. मारलीच तर स्टूल धरायला. तरीसुद्धा दसऱ्यापासून माझ्या डोक्यात एक कोसळलेला ड्रोन फिरतो आहे, आणि त्याला कारण आमचे चिरंजीव.

चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांनी आणि त्यांच्या मित्राने मिळून चार पंख्यांचा एक ड्रोन बांधला. तो बांधला आमच्या जेवणाच्या टेबलावर, त्यामुळे दीड महिना आम्ही मांडीवर ताटे घेऊन जेवलो. खांदेश्वरात तो उडवण्याची सोय नव्हती. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने ये-जा करू लागली आहेत, आणि विमानतळाच्या परिसरात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. तेव्हा सरकारी नकाशातला हिरवा पट्टा पाहून माझ्या बहिणीच्या साताऱ्याकडच्या शेतावर जायचे ठरले.

जोडणी चिरंजीवांची, उडवण्याचे काम मित्राचे. ड्रोन झोकात वर गेला, उसावर दोन चकरा मारल्या, मध्येच एका बाजूला कलंडला आणि गिरकी खात उसात पडला. कोणी काही बोलण्याआधीच मी निदान करून मोकळा झालो, "दांडी फार जोरात ओढलीस, बाबा!" चिरंजीवांनी माझीच री ओढली, थोड्या अधिक कडक शब्दांत. मित्र काहीच बोलला नाही. दुपारी पुरणपोळीचे जेवण होते. तो दोन घास खाऊन उठला आणि संध्याकाळच्या एसटीने एकटाच निघून गेला.

घरी परतल्यावर रात्री चिरंजीवांनी ड्रोनमधली नोंद संगणकावर उघडली. अशा यंत्रात सेकंदा-सेकंदाची नोंद होत असते. उडवणाऱ्याने काय हुकूम दिला, यंत्र प्रत्यक्षात किती कलले, प्रत्येक मोटरला किती जोर लावायला सांगितले, बॅटरीचा दाब किती होता, सारे त्यात असते. पडद्यावर रेघांचा नुसता गुंता दिसत होता. मी विचारले, "यात पाहायचे काय?"

"बाबा, शेवट पाहायचा नाही. उलटा झाल्यावर सगळ्याच रेघा वेड्यावाकड्या होतात. आधी काय बिघडले ते शोधायचे."

हे मात्र मला लगेच पटले. उत्तरपत्रिका तपासताना मी दुसरे काय करतो? शेवटचे पान भरकटलेले असतेच. पण विद्यार्थ्याने प्रश्न चुकीचा वाचला तो पहिल्या परिच्छेदात.

मग एकेक संशयित सुटत गेला. बॅटरीचा दाब शेवटपर्यंत ठीक होता आणि नोंद जमिनीवर आदळेपर्यंत चालू होती. म्हणजे वीज गेली नव्हती. मित्राची दांडी त्या क्षणी मध्यावर, अगदी स्थिर होती. यंत्राला सरळ राहायचा हुकूम होता, तरी ते पुढे आणि उजवीकडे कलत होते. त्याच वेळी पुढच्या उजव्या मोटरला "लाव सगळा जोर" असा हुकूम सुटला होता, आणि तिच्या तिरकस समोरच्या मोटरचा जोर कमी केला जात होता. यंत्र स्वतःला सावरू पाहत होते; तो एक कोपरा साथ देत नव्हता.

कोपरा कळला, तरी कारण नोंदीत लिहिलेले नसते. पंखा, मोटर, वायर, काहीही असू शकते. चिरंजीवांनी भिंग घेऊन तो कोपरा तपासला. मोटरकडे जाणाऱ्या वायरीचे सोल्डरिंग कच्चे राहिले होते. बोट लावताच वायर हलली. ते सोल्डरिंग त्यांच्याच हातचे. मागच्या दोन उड्डाणांच्या नोंदी काढल्या, तर तेव्हाही ती मोटर इतरांहून अधिक जोर मागत होती. यंत्राने तक्रार केली होती. आम्ही वाचली नव्हती.

मला वडील सांगत ती १ जानेवारी १९७८ची गोष्ट आठवली. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. प्रथम संशय घातपाताचा आला. पण समुद्रातून काढलेल्या नोंदपेट्यांनी आणि अवशेषांनी वेगळेच सांगितले. वैमानिकासमोरचे, विमान किती कलले ते दाखवणारे उपकरण बिघडले होते. विमान सरळ झाले तरी ते उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले, आणि वैमानिक त्यावर विसंबून विमान डावीकडे कलंडवत गेला. शेजारच्या वैमानिकासमोरचे उपकरण खरे सांगत होते. अंधाऱ्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते, आणि पडताळून पाहायला वेळ उरला नव्हता.

त्या वैमानिकाला वेळ नव्हता. मला भर दुपारी, उसाच्या बांधावर उभ्या असताना कसली घाई होती?

चिरंजीव बराच वेळ टेबलाशी बसून राहिले. मग रात्री साडेअकराला त्यांनी मित्राला फोन लावला आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "वायर माझी सुटली होती. तुझी काही चूक नव्हती." पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. फोन ठेवायच्या आत मी तो मागून घेतला आणि माझाही वाटा उचलला. विद्यार्थ्याच्या वयाच्या मुलाची क्षमा मागणे वाटते तितके अवघड नसते; पहिले वाक्य तेवढे जड जाते.

दुसऱ्या दिवशी तो आला. सौ.ने विचारपूस न करता त्याच्यापुढे चिवड्याची बशी ठेवली. दोघांनी टेबल पुन्हा बळकावले. सोल्डरिंग या वेळी मित्र करतो आहे, चिरंजीव दिवा धरून आहेत, आणि यंदाचा फराळ आम्ही मांडीवर ताट घेऊनच करणार, अशी चिन्हे आहेत.

माझी तक्रार नाही.