मेळ नसेल तर बळ कसले?

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, सांगलीवरून वाहते आणि कर्नाटकात शिरताना कोणाची परवानगी मागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीप्रमाणे बेळगाव जिल्ह्यातील गावेही बुडाली. अशा प्रसंगी आमच्याकडे संस्थांची उणीव नसते. तरुण मंडळे, महिला मंडळे, पतसंस्था, देवस्थाने सारी धावून जातात. उणीव असते ती मेळाची. हमरस्त्यावरच्या गावी दहा गाड्या उभ्या राहतात आणि आडवाटेची वस्ती उपाशी राहते. हा दोष दातृत्वाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे.

अनेक संस्था एकत्र बसल्या की कार्य आपोआप सिद्धीस जाते, हा भ्रम होय. प्रोव्हन व मिलवर्ड या अभ्यासकांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील चार शहरांच्या मनोरुग्णसेवेची तुलना प्रसिद्ध केली. जेथे एका मध्यवर्ती संस्थेने सूत्रे सांभाळली, तेथे सेवेचे फळ अधिक चांगले दिसले. नुसत्या दाट परस्परसंबंधांनी ते साधले नाही. स्थैर्य आणि पुरेसा पैसा यांचीही जोड लागते, असे त्यांस आढळले.

कोणी विचारील, ज्या सरकारशी १९५६ पासून आमचा झगडा, त्याच्या कचेऱ्यांशी सहकार्य कसे करावे? आमचे उत्तर स्पष्ट आहे. कोयनेतून किती पाणी सुटले आणि अलमट्टीत किती साठले, हे वेळेवर विचारणे म्हणजे सीमाभागावरील हक्क सोडणे नव्हे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या जलसंपदामंत्र्यांनी बंगळुरास जाऊन कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांशी याच विषयावर बोलणी केली. त्याने आमची मागणी तसूभरही ढळली नाही.

१९५६ च्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका मागणीसाठी एकत्र उभे राहिले. मतभेद मिटले नव्हते. उद्दिष्ट एक होते. उलट २०१८ च्या निवडणुकीत एकीकरण समितीत फूट पडली आणि एकही जागा हाती लागली नाही. हा धडा आम्ही दुसऱ्यांस नव्हे, स्वतःसच सांगत आहोत.

म्हणून आमची सूचना अशी: प्रत्येक तालुक्यातील संस्थांनी मृगापूर्वीच एक सूत्रधार संस्था नेमावी. होड्या कोणाच्या, अन्नछत्र कोणाचे, औषधे कोणाची, हे तेव्हाच ठरावे आणि पैशाचा हिशेब चावडीवर लागावा. पाणी दारात आल्यावर अध्यक्ष कोण, याचा वाद घालण्यास वेळ नसतो.