'नो कॉस्ट'चा हिशेब

दोन महिन्यांपूर्वी माझ्या थोरल्या मुलीने पहिल्या पगाराच्या आनंदात तिच्या दादाअब्बांसाठी मोबाइल घेतला. किंमत २४,००० रुपये. अब्बांनी आयुष्यभर सोलापुरात पॉवरलूमवर काम केले. व्याजाने पैसे घेतले नाहीत, दिले नाहीत. मोबाइल हातात घेताच त्यांनी विचारले, "बेटा, एवढे पैसे एकदम दिलेस?" ती म्हणाली, "नाही दादाअब्बा, सहा हप्ते आहेत. पण नो कॉस्ट आहे, व्याज नाही." अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली. मी शेजारीच बसलो होतो. बोललो काहीच नाही.

महिन्याने कार्डाचे बिल आले. मुलगी मला विचारायला आली, "अब्बू, हे २८७ रुपये व्याज कसले? आणि त्याच्यावर ५२ रुपये जीएसटी?"

मी कॉलेजात मार्केटिंग शिकवतो. हे २८७ रुपये कसले, ते मला चांगले ठाऊक होते. दरवर्षी वर्गात फळ्यावर मांडतो तोच हा हिशेब. फक्त आज तो माझ्या घरात आला होता.

हिशेब असा आहे. हप्ता ४,००० चा, सहा महिने, म्हणजे २४,००० च. पण बँक फुकट पैसे देत नाही. विक्रेता किंवा कंपनी सुरुवातीला सुमारे १,०१६ रुपयांची सूट देते. बँक उरलेले २२,९८४ रुपये कर्ज म्हणून देते आणि त्यावर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज लावते. सहा महिन्यांचे ते व्याज होते तेच १,०१६ रुपये. म्हणजे व्याज आहेच, फक्त सुटीच्या आड उभे आहे. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८३ रुपये, आणि प्रोसेसिंग फी १९९ व तिचा जीएसटी ३६. एकूण ४१८ रुपये जास्त गेले. नाव मात्र 'नो कॉस्ट'.

हे माझे मत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. त्यानंतर जाहिरातीतले शब्द बदलले. 'शून्य व्याज' गेले, 'नो कॉस्ट' आले.

मुलगी म्हणाली, "पण मी फसले कशी? मी तर शिकलेली आहे."

शिकलेले जास्त फसतात असे मी म्हणणार नाही, पण शिक्षण इथे फारसे उपयोगी पडत नाही. आमच्या विषयात एक प्रसिद्ध प्रयोग आहे. ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या अमेरिकेतील दोन प्राध्यापकांनी तो २००१ मध्ये प्रसिद्ध केला. एमआयटीच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. निम्म्यांना सांगितले, पैसे रोख द्यायचे. निम्म्यांना सांगितले, कार्डाने द्यायचे. कार्डवाल्यांची बोली दुपटीपर्यंत गेली. नोटा मोजून देताना मनाला जो चिमटा बसतो, तो कार्डाने बसत नाही. हप्त्याने तर त्याहून कमी. मोबाइलवर २४,००० हा आकडा लहान अक्षरांत आणि ४,००० मोठ्या अक्षरांत असतो, तो उगाच नाही. ती अक्षरे कुठे किती मोठी ठेवायची, हे शिकवणाऱ्यांत मीही आहे. ही गोष्ट मला त्या दिवशी टोचली.

मला अम्मीचे दिवस आठवले. आमच्या गल्लीत एक कापडवाला सायकलवर गठ्ठा बांधून यायचा. साडी रोखीने साठ रुपये, हप्त्याने सत्तर. तो ते तोंडावर सांगायचा, वहीत लिहायचा आणि अम्मी दर आठवड्याला पगाराच्या दिवशी पाच रुपये द्यायची. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्याला. पण सत्तरचे एकाहत्तर कधी झाले नाहीत. उधारीची किंमत रोखीपेक्षा जास्त असली, तरी ती सौद्याच्या वेळीच ठरलेली आणि नंतर न वाढणारी असेल तर असा व्यवहार बहुसंख्य फकीहांनी जायज मानला आहे. कार्डावर एक हप्ता चुकला, की दंड आणि वर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. दोन्हींना आपण 'हप्ता'च म्हणतो, पण दोन्ही एक नाहीत. मी आलिम नाही, फतवा देणे माझे काम नाही. ते आपल्या आलिमांना विचारावे. मात्र विचारताना जाहिरात दाखवू नये, बिल दाखवावे.

आता प्रश्न होता अब्बांना सांगायचे की नाही. मुलगी रडवेली झाली होती. "त्यांनी दुआ दिली होती, अब्बू." मला वाटले गप्प राहावे. पण एकदा गप्प राहून मी चूक केली होतीच. इशाच्या नमाजनंतर दोघांनी मिळून सांगितले. अब्बा थोडा वेळ मोबाइलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हिने प्रेमाने आणलाय, मी परत करणार नाही. पण उरलेलं कर्ज उद्याच फेडून टाक. आणि तू मास्तर आहेस ना? मग त्या दिवशी का नाही बोललास?"

उत्तर माझ्याकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी कर्ज बंद केले. मुदतीपूर्वी बंद करण्याचे शुल्क लागले, तेही भरले. मुलगी आता ती रक्कम मला दर महिन्याला परत करते आहे, बिनव्याजी. आपल्याकडे याला कर्जे हसना म्हणतात आणि ते घरापासूनच सुरू व्हायला हवे.

कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाज किंवा रोज्यांविषयी नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. म्हणून आमच्या घरी आता एक वही आहे. कोणीही हप्त्याने काही घेणार असेल तर आधी दस्तरखानावर सांगायचे आणि वहीत तीन गोष्टी लिहायच्या: रोखीची किंमत, सगळे मिळून द्यावे लागणारे पैसे आणि अटींच्या पानावर 'व्याज' हा शब्द आहे का. शेवटच्या पायरीवर अचानक वाढणारे शुल्क हा केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुचित प्रकार आहे. त्याची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

वहीत पहिली नोंद माझ्या पत्नीची आहे: वॉशिंग मशीन. त्यासाठी शेजारच्या बायकांबरोबर तिने साधी भिशी लावली आहे, लिलाव नाही, ज्याचा त्याचा नंबर. तिचा नंबर पाचवा. तोवर कपडे हातानेच धुतले जातील, आणि रविवारी ते काम माझ्याकडे आहे.