शाळेतून निरोप आला तर

आपल्या व्यापारी घरांतील एक शिस्त वाखाणण्यासारखी आहे. रात्री दुकान वाढवण्यापूर्वी दिवसभराच्या विक्रीचा आणि गल्ल्यातील रोकडीचा मेळ घातला जातो, आणि पाच रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत कोणी उठत नाही. घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनाविषयी मात्र ही दक्षता क्वचितच दिसते. तो अबोल झाला तर 'वयच तसे आहे' म्हणायचे, चिडू लागला तर मोबाईलला दोष द्यायचा, आणि शाळेतील समुपदेशकाने भेटीस बोलावले तर 'आमच्या मुलाला काही झालेले नाही' असे सांगून विषय मिटवायचा. यांतील शेवटच्या उत्तराविषयी आज लिहावयाचे आहे.

किशोरवयातील नैराश्य हा आजार आहे. तो आळस नव्हे, हट्ट नव्हे आणि संस्कारांतील उणीवही नव्हे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात साधारण तीन मुले. प्रौढांचे नैराश्य बहुधा खिन्नतेतून दिसते, मुलांचे पुष्कळदा चिडचिडीतून. झोप आणि भूक बिघडणे, आवडत्या खेळातून मन उडणे, मित्र टाळणे, गुण एकाएकी घसरणे, तपासण्यांत कारण न सापडणारी पोटदुखी किंवा डोकेदुखी, ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर ती गांभीर्याने घ्यावीत.

बँकेच्या सेवेतील माणसास यात एक साम्य जाणवते. कर्जखाते एका दिवसात बुडत नाही. थकबाकी नव्वद दिवसांवर गेली की ते अनुत्पादक ठरते. परंतु त्यापूर्वीच, पहिल्या तीस दिवसांच्या आत, त्यावर 'स्पेशल मेन्शन' अशी खूण होते. ही खूण कर्जदाराच्या बदनामीसाठी नसते. वेळीच विचारपूस व्हावी आणि खाते सावरावे, एवढाच तिचा हेतू असतो. शाळेतून आलेला निरोप हा याच जातीचा आहे. समुपदेशक मुलाला वेडा ठरवत नाही. तो ऐकून घेतो, लक्षणे ओळखतो आणि आवश्यकता वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो.

परिचयातील एका किराणा व्यापाऱ्याच्या नववीतील मुलाचे रोज सकाळी पोट दुखे. सर्व तपासण्या झाल्या, निष्पन्न काही झाले नाही. शाळेच्या समुपदेशिकेने दोनदा बोलावूनही घरचे गेले नाहीत. 'उद्या चार लोकांत बोलबाला झाला तर धाकटीची सोयरीक कशी जुळायची?' ही त्यांची भीती होती. तिसऱ्या निरोपानंतर आई एकटी गेली आणि उपचार सुरू झाले. मधले चार महिने मात्र त्या मुलाने एकट्यानेच सोसले. दुर्लक्षाची खरी किंमत ती आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम येथील एका सतरा वर्षीय विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावेत, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावे आणि गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे टाळावे, असे त्यांत म्हटले आहे. पुढील पालकसभेत आपण हे अवश्य विचारावे : समुपदेशक आहे काय? त्याचे शिक्षण काय? मुलाशी झालेले बोलणे गुप्त राहते काय? जिवाला धोका असेल तर मात्र ते पालकांस कळवले गेलेच पाहिजे.

नैराश्यावर उपचार आहेत. काही मुलांना समुपदेशन पुरते, काहींना औषधे लागतात. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे जातात आणि ती आपल्या मनाने बंद करावयाची नसतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारास शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण देणे बंधनकारक आहे. पॉलिसीतील अटी एकदा नीट वाचून घ्याव्यात, कारण रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च पुष्कळ पॉलिसींत धरलेला नसतो. 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून अहोरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

घरी काय करावे? गिऱ्हाइकांसमोर मुलाला 'हा काय धंदा सांभाळणार' असे म्हणू नये. चुलत भावाच्या टक्केवारीशी तुलना करू नये. जगण्यात अर्थ नाही अशा आशयाचे काही तो बोलला, तर मरणाचे विचार मनात येतात काय, हे त्याला शांतपणे आणि स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने ते विचार मनात रुजतात, हा गैरसमज आहे. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. घरातली औषधे कुलपात ठेवावीत. कीटकनाशकांचा व्यापार असेल, तर त्या गोदामाची किल्ली वडिलधाऱ्यांच्याच हाती असावी.

आणि शाळेतून निरोप आला, तर दुसऱ्या दिवशी दुकान दोन तास उशिरा उघडावे आणि आईवडिलांनी दोघांनी मिळून जावे. तेवढ्या वेळातील गल्ला आठवडाभरात भरून निघेल.