बोलण्याला शेपूट

'भीमायन' उघडलं की सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ते संवादांचे फुगे. एरवी चित्रकथांत हे फुगे सगळे सारखे, पांढरे आणि गोल असतात. इथे साधं, मऊ बोलणाऱ्याचा फुगा पाखराच्या आकाराचा आहे, तर विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. जे मनातच राहिलं आणि ओठांवर आलं नाही, त्याच्या फुग्यात एक डोळा काढलेला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग सांगणारं हे इंग्रजी चित्रपुस्तक दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं २०११ साली काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. दुर्गाबाई मध्य प्रदेशातल्या मंडला भागातल्या. सणासुदीला घराच्या भिंतींवर काढायची दिग्ना नावाची नक्षी त्या लहानपणी आजीकडून शिकल्या. तीच दिग्ना या पुस्तकात पानांचे भाग पाडते, कारण पुस्तकात चौकटी नाहीत. चौकटीत कोंबलं की माणसं गुदमरतात, असं या दोघांचं म्हणणं. म्हणून पानभर एक वळणदार पट्टा फिरतो आणि त्याच्या अल्याडपल्याड गोष्ट घडत राहते.

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे, श्रीपूर या साखर कारखान्याच्या गावी, आली होती. कारखाना सुरू व्हायचे दिवस, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यामुळे पोरांना बाहेर फार सोडत नाहीत. घरात बसून कंटाळली म्हणून तिनं माझ्या टेबलावरचं हे पुस्तक ओढलं. इंग्रजी तिला अजून अक्षर लावून लावून वाचावं लागतं, त्यामुळे ती वाचत नव्हती, नुसती बघत होती. थोड्या वेळानं एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "मामा, ह्यो माणूस वंगाळ हाय." मी विचारलं, "तुला कसं कळलं गं?" तर म्हणाली, "बग की, त्येच्या बोलन्याला शेपूट हाय."

मजकुराचं एक अक्षरही न वाचता तिनं पानाचा गाभा उचलला होता. मग तिनं मला विचारलं की या बाईच्या अंगावर हे ठिपके कसले, आणि या माणसाच्या मागे हरीण का उभं आहे. मला सांगता आलं नाही. गोंड चित्रकारांत प्रत्येकाची भरायची नक्षी वेगळी असते, ती जवळजवळ सहीसारखी ओळखता येते, एवढं मला ठाऊक आहे. पण त्या हरणाचं तिथे काय काम, हे मी पुस्तक कितीदा चाळलं तरी खात्रीनं सांगू शकत नाही. आगगाडीचा साप का झाला ते कळतं. काही झाडं आणि पाखरं मात्र माझ्यासाठी अजून बंदच आहेत. तरीही हे पुस्तक मला माझ्याकडच्या बहुतेक पुस्तकांपेक्षा जवळचं वाटतं. न कळणारा भाग सोडून नव्हे, त्याच्यासकट.

यातला पहिला मोठा प्रसंग आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातला आहे. १९०१ साल. बाबासाहेबांचे वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला होते. तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं अशी सगळी साताऱ्याहून आगगाडीनं निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. चांगले कपडे घातलेली मुलं पाहून स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करायला आला आणि जात कळताच चार पावलं मागे सरला. कुणी गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी एक तयार झाला, तोही दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार या अटीवर. बरोबर जेवण होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतः लिहून ठेवलं. व्याम दांपत्यानं ते काढताना तहानेला माशांचं, पाण्याचं रूप दिलं. या चित्राचा अर्थ कुणी समजावून सांगेपर्यंत थांबावं लागत नाही. घशाला कोरड पडते.

आता मला जे म्हणायचं आहे ते असं की, चित्रकथेत आनंद आधी येतो आणि अर्थ मागून, सवडीनं येतो, कधी अर्धाच येतो. आपण मात्र लहानपणापासून उलट्या क्रमाची सवय लावून घेतलेली असते. आधी अर्थ, मग आवडणं. धड्याखालचे प्रश्न सोडवले की धडा आवडला असं म्हणायची परवानगी. या सवयीमुळे आपण किती चांगल्या गोष्टी 'डोक्यावरून गेलं' म्हणून बाजूला सारतो, याची मला मनापासून खंत वाटते.

मराठी वाचकाला हे खरं तर नवं नाही. वसंत सरवटे यांनी 'ललित'च्या दिवाळी अंकांसाठी वर्षानुवर्षं मुखपृष्ठं केली. त्या एका चित्रात मराठी साहित्याच्या अख्ख्या वर्षाचा हिशेब असायचा. कोण कुणाशी भांडलं, कुणाचं पुस्तक गाजलं, कोण कुणाच्या पंगतीला बसलं. ते पुरतं कळायला पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळाची आतली खबर लागायची. आमच्यासारख्या साखर कारखान्याच्या गावात, वाचनालयाच्या टेबलावर तो अंक यायचा तेव्हा चित्रातले पु. ल. चटकन ओळखू यायचे. हातात मोठा हातोडा घेतलेला ठणठणपाळ ओळखू यायचा, कारण जयवंत दळवी त्या नावानं लिहायचे आणि त्याचं रूप सरवट्यांनीच ठरवलं होतं. बाकीचे बरेच चेहरे कोण, ते कळायचं नाही. पण प्रत्येकाची बसायची तऱ्हा, मान वळवायची ढब, पोटाचा घेर आणि चष्म्याआडची नजर बघत बसावंसं वाटायचं. एखाद्याचं पुस्तक पुढे कधीतरी हाती लागलं की तो चेहरा आठवायचा आणि मुखपृष्ठाचा एक कोपरा उजळायचा. सरवटे पेशानं अभियंता होते, सिमेंट कंपनीत नोकरी करत होते, आणि त्यांच्या रेषेत ती मोजून मापून केलेली आखणी दिसते. एकही माणूस जागा भरायला म्हणून उभा नाही. ज्याचं कोडं आपल्याला सुटत नाही त्याच्या तिथे असण्यालाही कारण आहे, ही खात्री त्या चित्रातून मिळते. न कळूनही आवडण्यामागे बहुधा हा भरवसाच असतो.

शि. द. फडणीस यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची चित्रं कळायला अवघड नाहीत. एकाच्या कपड्यांवर मांजरं आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर, हे 'मोहिनी'चं मुखपृष्ठ कुणालाही एका नजरेत कळतं. पण शब्दांवाचून चित्र वाचायची शिस्त महाराष्ट्राला ज्यांनी लावली त्यांत त्यांचं नाव फार वर आहे. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रं होती. आकडेमोड डोक्यात शिरत नसली तरी त्या चित्रांसाठी पुस्तक उघडणारी मुलं मी पाहिली आहेत.

आमच्या शेजारचा एक मुलगा पुण्याला शिकायला होता. त्याच्याकडून मला 'वॉचमेन' वाचायला मिळालं. ॲलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी काढलेली ही कथा अमेरिकेत १९८६-८७ मध्ये १२ अंकांत आली. वरवर ती खुनाचा शोध लावण्याची गोष्ट आहे. मुखवटेधारी नायकांपैकी एकाला कुणीतरी खिडकीतून खाली फेकलं, ते कुणी आणि का, हा प्रश्न शेवटपर्यंत खेचत नेतो. पान बहुतेक ठिकाणी ९ एकसारख्या चौकटींचं, म्हणजे व्यामांच्या अगदी उलट. पण त्या शिस्तीच्या आत काय काय चाललेलं असतं! कोपऱ्यावरच्या वर्तमानपत्राच्या स्टॉलजवळ एक पोरगा चाच्यांची चित्रकथा वाचत बसलेला असतो. त्या चित्रकथेतली वाक्यं आणि स्टॉलवाल्याची बडबड एकाच चौकटीत येतात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही असं वाटता वाटता एकाचे शब्द दुसऱ्याच्या चित्राला चिकटतात.

पाचव्या प्रकरणावर मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. ते मधोमध दुमडलेलं आहे. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्या पानाशी, आणि असं करत करत दोन्हीकडून आपण मधल्या जोडपानावर येतो. पहिल्या वाचनात मला हे दिसलंच नव्हतं. फक्त एवढं जाणवलं होतं की या प्रकरणात कसलीतरी घट्ट वीण आहे आणि आपण तिच्यात अडकतो आहोत. मांडणीचं रहस्य कळल्यावर आनंद वाढला, हे खरं. पण कळण्याआधीचा आनंद खोटा नव्हता. मूर आणि गिबन्स यांनी ती वीण आपल्या डोळ्यांसाठीच घातली होती आणि डोळ्यांनी ती आपल्या नकळत पकडली होती. या पुस्तकाची सटीप आवृत्तीसुद्धा निघाली आहे, २०१७ साली, लेस्ली क्लिंगर यांनी केलेली. ज्ञानेश्वरीवर टीका लिहिल्या गेल्या तशा चित्रकथेवरही लिहिल्या जाव्यात, यात मला काहीच वावगं वाटत नाही.

माझे एक मित्र शाळेत मराठी शिकवायचे. त्यांना हे पटत नाही. "जे समजलं नाही ते आवडलं कसं म्हणता? चित्रं छान आहेत म्हणा आणि सोडून द्या," असं ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, आणि ती मी मान्य करतो. नुसता धूर करणारी पुस्तकं असतात. लेखकालाच काय सांगायचं ते ठाऊक नसतं आणि तो गोंधळ खोलीच्या नावाखाली खपवला जातो. पण त्यांची पारख करता येते. खरोखर बुद्धिमान चित्रकथा पहिल्याच वाचनात तुमच्या पदरात काहीतरी पुरं टाकते. 'भीमायन'मध्ये तहानलेलं पोर आहे. 'वॉचमेन'मध्ये खुनाचा तपास आहे. सरवट्यांच्या चित्रात माणसांच्या तऱ्हा आहेत. तेवढ्यावर उठून गेलात तरी उपाशी जात नाही. धुराच्या पुस्तकात हा पहिला घासच नसतो.

जॉर्ज हेरिमन यांची 'क्रेझी कॅट' हे याचं फार जुनं उदाहरण. ही मालिका अमेरिकन वर्तमानपत्रांत १९१३ पासून हेरिमन वारले त्या १९४४ पर्यंत चालली. मांजर उंदरावर जीव टाकतं, उंदीर मांजराला वीट फेकून मारतो, मांजराला ती प्रेमाची खूण वाटते, आणि पोलीस असलेला कुत्रा उंदराला तुरुंगात टाकतो. बस, एवढीच गोष्ट, तीस वर्षं. मागचे डोंगर आणि झाडं मात्र चौकटीगणिक बदलत राहतात. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पुष्कळ वाचकांना काही कळायचं नाही आणि मालिका फार लोकप्रियही नव्हती. पण वर्तमानपत्रांचे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना ती आवडायची, म्हणून त्यांनी ती बंद होऊ दिली नाही. पुढे मोठमोठे कवी आणि समीक्षक तिच्यावर लिहू लागले. वीट मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांना कळत होती.

मास्तरांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आषाढात तुकोबारायांची पालखी अकलूजहून निघते, माळीनगरला उभं रिंगण होतं आणि पुढे आमच्या भागातून ती बोरगावला मुक्कामाला जाते. त्या वाटेवर भारुडं होतात, कूट अभंग म्हटले जातात. मुक्ताबाईंच्या अभंगात मुंगी सूर्य गिळते. दुसऱ्या एका रचनेत काट्याच्या टोकावर गावं वसतात. ऐकणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना त्याचा वेदान्तातला अर्थ सांगता येईल? पण टाळ वाजतो, माना डोलतात, गावं काट्यावर वसली की हसू फुटतं. कुणी त्यांना परीक्षेला बसवत नाही. अर्थ हळूहळू, वर्षानुवर्षं वारी करता करता, कीर्तनकाराच्या एखाद्या वाक्यानं उलगडतो. ज्या मुलखातल्या माणसांना हे जमतं, त्यांना चित्रकथा डोक्यावरून जाईल अशी भीती घालण्याचं कारण नाही.

आमच्याकडच्या वाचनालयांत चित्रकथा अजूनही फक्त बालविभागात असतात. मुलं मोठी झाली की ती कपाटं त्यांना परकी होतात. मोठ्यांच्या विभागात, कादंबरीच्या शेजारी, चित्रपुस्तकांचा एक कप्पा हवा आणि तो सगळ्या वयांना खुला हवा. इंग्रजी पुस्तकंसुद्धा ठेवावीत. भाषा येत नसली तरी चित्रं बघायला कुणी अडवत नाही, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे.

आणि मराठीत नवी निघावीत. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगत आले. एकामागून एक कागदी चित्र समोर धरायचं आणि गात गात रामायण-महाभारतातली आख्यानं लावायची. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मोठे टपोरे डोळे, एका बाजूला वळलेले चेहरे, अंगभर नक्षी, अशी ती चित्रं. गोंड कलावंतांना मसूरच्या स्टेशनाची गोष्ट काढायला मिळाली, तशी पिंगुळीच्या एखाद्या कलावंताला आजची मोठी गोष्ट मिळाली पाहिजे. धरणात गेलेल्या गावांची, गिरणी संपाची किंवा उसाच्या फडात कोयता घेऊन येणाऱ्या कुटुंबांची. प्रकाशकानं पैसे घालावेत, लेखकानं कलावंताच्या शेजारी बसून काम करावं, आणि तळटीप देऊन प्रत्येक खूण समजावून सांगण्याचा मोह दोघांनीही टाळावा. असं पुस्तक निघालं तर पहिली प्रत मी घेईन आणि दुसरी भाचीला देईन. ती मला त्यातलं अर्धं तरी समजावून सांगेल.