आधी पदक आणा, मग लीग मागा?



धान कापून झाले की दवनीवाड्यात संध्याकाळी दोन खांबांना जाळी ताणली जाते आणि व्हॉलीबॉल सुरू होतो. आमच्या गोंदिया-भंडारा-गडचिरोली पट्ट्यात हा खेळ गावोगाव आहे. एक चेंडू आणि एक जाळी पुरते, बूट नसले तरी चालते. गडचिरोलीत तर पोलीस वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने व्हॉलीबॉल स्पर्धा भरवतात. पण आमच्याकडे मुली रेषेच्या बाहेर उभ्या असतात. चेंडू बाहेर गेला की आणून देतात.

त्यातलीच बारावीतली एक पोरगी. आईवडील रोवणी-कापणीच्या मजुरीवर. शाळेच्या संघात ती विभागापर्यंत खेळून आलेली. एका संध्याकाळी तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर फिलिपिन्सची अॅलिसा वाल्डेझ उडी मारून चेंडू ठोकत होती आणि सगळे स्टेडियम उभे होते. पोरगी म्हणाली, "ताई, आपल्याकडे मुलींची अशी लीग कोणती?"

मला एकही नाव सांगता आले नाही, कारण तशी लीगच नाही. २०१९ साली प्रो व्हॉलीबॉल लीग झाली, ती पुरुषांची. २०२२ मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली, तीही पुरुषांचीच. मुलीने कितीही उंच उडी मारली तरी तिच्यासाठी रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या सरकारी खात्याचा संघ आणि त्यातून मिळाली तर नोकरी, एवढाच रस्ता.

ही वाल्डेझ कोण? जन्म १९९३चा, बातांगास प्रांतातल्या सान हुआनची. शिकली मनिलाच्या अतेनिओ विद्यापीठात आणि तिथेच मोठी झाली. २०१४ मध्ये अंतिम फेरीत समोर ला साल विद्यापीठ होते, साखळीत एकही सामना न हरलेले. नियमच असा की ला सालला हरवायचे तर तीनदा हरवावे लागणार. अतेनिओने हरवले, आणि महिला व्हॉलीबॉलचे त्यांचे ते पहिले विजेतेपद ठरले. पुढच्या वर्षी तर हंगामातले सोळाच्या सोळा सामने जिंकले. वाल्डेझ सलग तीन हंगाम सर्वोत्कृष्ट खेळाडू. २०१५च्या सिंगापूरच्या आग्नेय आशियाई स्पर्धेत देशाचा झेंडा तिच्या हाती होता. नंतर थायलंड आणि तैवानच्या क्लबांकडून खेळली, मायदेशी एका आइस्क्रीम कंपनीच्या संघाची मुख्य चेहरा झाली.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे महिलांची लीग मागितली की ठरलेले उत्तर येते: आधी पदके आणा, मग प्रेक्षक येतील, मग पैसा येईल. फिलिपिन्सने आग्नेय आशियाई स्पर्धेत महिला व्हॉलीबॉलचे शेवटचे सुवर्ण जिंकले १९९३ साली, म्हणजे वाल्डेझ जन्मली त्या वर्षी. तिच्या सगळ्या गाजलेल्या काळात थायलंडच वरचढ राहिले. तरी मनिलाची स्टेडियम भरली, कारण विद्यापीठांचे सामने टीव्हीवर दाखवले गेले, लोकांनी त्या मुलींना वर्षानुवर्षे खेळताना पाहिले, ओळखले.

आणि आपली अभिलाषा म्हात्रे? २०१२ मध्ये पाटण्यात पहिला महिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात ती होती. २०१४च्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकाच्या संघात होती. २०१५चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. विश्वविजेतेपद, सुवर्ण, अर्जुन, सगळे झाले. मग लीग? २०१६ मध्ये पुरुषांच्या प्रो कबड्डीच्या आडोशाला तीन संघांची महिला स्पर्धा झाली. एक हंगाम, आणि ती गुंडाळली गेली. म्हणजे पदक आणूनही लीग टिकत नाही आणि तिकडे पदकाविना टिकते. 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या तोंडावर फेकणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून दाखवावा.

गुणवत्तेवरून आठवले. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याने प्रशासन बुडाले असे कुणी म्हणत नाही. उलट बोगस क्रीडा प्रमाणपत्रे काढून त्यात घुसणारे सापडले आहेत, आणि त्यात खऱ्या खेळाडूची जागा जाते. तेव्हा आमच्या पोरींनो, स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि पडताळणीचे कागद जपून ठेवा.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, बाबासाहेबांनी शिका म्हटले, चेंडू बडवा नाही म्हटले. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. शाळा सोडून खेळाच्या नादी लागणे ही फसवणूकच आहे, विशेषतः पाठीशी पैसा नसलेल्या घरासाठी. पण वाल्डेझचा खेळ विद्यापीठाच्या आतच वाढला. आपल्याकडे विद्यापीठांचे सामने कोण पाहतो? राज्यातल्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाला वर्षानुवर्षे नाव होते अश्वमेध. (त्या नावावर वेगळा लेख लिहावा लागेल.)

यशस्वी झाले की जात पुसली जाते, या भ्रमातही राहू नये. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्ट्रिक केली, असे करणारी ती पहिली भारतीय महिला. काही दिवसांतच संघ उपांत्य फेरीत हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ झाली.

तरीही मी खेळाच्या बाजूने आहे. जाळीशी सेट करून वरून चेंडू ठोकण्याची पद्धत, ज्याला आपली पोरे 'स्मॅश' म्हणतात, फिलिपिन्समध्येच १९१६च्या सुमारास रूढ झाली. खेळ अमेरिकेच्या वायएमसीएने नेला होता, घाव मात्र तिथल्या लोकांनी शोधला.

मागच्या रविवारी विहारात १४ एप्रिलच्या वर्गणीची बैठक झाली. डीजेचा आकडा नेहमीप्रमाणे सगळ्यात मोठा. मी मागितले दोन चेंडू, एक जाळी आणि रोज संध्याकाळी एक तास मैदान फक्त मुलींसाठी. चेंडू आणि जाळीला कुणी नाही म्हटले नाही. तासावर मात्र वाद पेटला. एकाने विचारले, "मग पोट्टे कुठं खेळतीन?" मी म्हटले, तासभर रेषेबाहेर उभे राहतील, चेंडू आणून देतील. निर्णय झाला नाही. येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे, आणि या वेळी त्या पोरीला मी सोबत नेणार आहे.